बर्लिओझ आठ वेळा

पहाटे ५.००

दिवाळी अंकासाठी लेख कबूल केला आहे आणि आजचा दिवस ऐकण्याचा. एक्तोर बर्लिओझची 'सँफोनी फाँतास्तीक' आणि तिची आठ ध्वनिमुद्रणं. चार आजच्या किंवा गेल्या शतकातल्या नेहमीच्या वाद्यवृंदांची: पिएर माँतो, पॅरिस, १९३०, शार्ल मुन्श, बोस्टन, १९५४, कॉलिन डेव्हिस, अ‍ॅमस्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाऊ, १९७४, आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर झुबिन मेहता. उरलेली चार बर्लिओझच्या काळातल्या वाद्यांवर, किंवा त्यांच्या बरहुकूम प्रतिकृतींवर वाजवलेली: रॉजर नॉरिंग्टन, १९८८, जॉन एलियट गार्डिनर, १९९१, योस व्हान इम्मरसील, आणि फ्रान्स्वा-झाव्हिए रोत, २०१९.

ऐकण्याआधी हमाली. प्रत्येक रेकॉर्डिंगमधली एकच जागा निवडून आठांच्या आवाजाची पातळी मीटर लावून सारखी करायची. जे किंचित जोरात वाजतं ते कानाला हटकून सरस वाटतं. पातळी न जुळवता केलेली तुलना म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणाचं परीक्षण. दुसरी भानगड सुराची. फ्रान्सने १८५९ मध्ये 'ला' या स्वराला सेकंदाला ४३५ कंपनं ठरवून दिली. आज ४४० किंवा त्याहून थोडी वर असतात. वरच्या सुरातलं ऐकून लगेच खालच्या सुरातलं लावलं, तर दुसरं उगाचच मरगळलेलं वाटतं. म्हणून दोन रेकॉर्डिंगच्या मध्ये थोडं थांबायचं, पाणी प्यायचं, मग पुढचं.

मूव्हमेंट मी क्रमाने ऐकत नाही. आमच्या इमारतीच्या गोंगाटाप्रमाणे ऐकतो. सर्वात हळू असलेली तिसरी पहाटे, आणि ढोल-पितळेची चौथी दुपारी, वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन सुरू झाल्यावर.

५.३०

तिसरी मूव्हमेंट, शेतशिवारातलं दृश्य. आतून कॉर आँग्ले वाजतो आणि रंगमंचाबाहेरून ओबो उत्तर देतो: दोन गुराखी डोंगराच्या दोन अंगांनी बोलत असावेत तसे. शेवटी कॉर आँग्ले पुन्हा साद घालतो. या वेळी ओबो गप्प असतो. उत्तर येतं ते चार टिंपन्यांवर चार वादकांनी मिळून काढलेल्या दूरच्या गडगडाटाचं. एकाकीपणा बर्लिओझने वाद्यांच्या मांडणीतून लिहिला आहे. मधली मुख्य चाल त्याच्याच विशीतल्या 'मेस सोलनेल'मधून आलेली. ती रचना आपण नष्ट केली असं त्याने सांगून ठेवलं होतं. १९९१ मध्ये तिची प्रत अँटवर्पच्या एका चर्चमध्ये सापडली.

आता तुलना. बर्लिओझने या टिंपन्यांसाठी स्पंजच्या डोक्याच्या काठ्या मागितल्या. त्या काळी सर्रास वापरात असलेल्या काठ्या लाकडी किंवा चामडं गुंडाळलेल्या, म्हणजे टणक. मऊ काठीचा हट्ट त्याचा. गार्डिनरच्या रेकॉर्डिंगमध्ये स्पंज आणि चामडी पडदा एकत्र आल्यावर गडगडाटाला सूर कमी आणि हवा जास्त लागते. रोतकडे हेच आणखी नाजूक आहे. पण अख्खी मूव्हमेंट ऐकली तर मन डेव्हिसकडे जातं. कॉन्सर्टखेबाऊच्या सभागृहाला खोली आहे, आणि डेव्हिसला थांबता येतं. दोन वाक्यांमधली शांतता तो घाईने भरत नाही. नॉरिंग्टन स्कोअरवरच्या ८४ या मेट्रोनोम आकड्याशी इमान राखून चालतो. शिस्त दिसते, पण गुराख्याला कुठेतरी पोहोचायचं आहे असं वाटत राहतं.

वहीत पहिली नोंद: तिसरी, डेव्हिस. जुन्या वाद्यांनी बाजी मारायची आहे असं ठरवून बसलेल्याने या मूव्हमेंटपासूनच सुरुवात करावी.

७.१५

चहा, आणि मांडीवर स्कोअर. लेखाच्या पहिल्या परिच्छेदासाठी टिपणं.

पहिला प्रयोग ५ डिसेंबर १८३०, पॅरिसच्या कॉन्सर्व्हातुआरच्या सभागृहात. संचालक फ्रान्स्वा हाबनेक, ज्याने दोनच वर्षांपूर्वी याच सभागृहात बेथोव्हेनच्या सिम्फनी पॅरिसकरांना ऐकवायला सुरुवात केली होती. बर्लिओझ सत्तावीस वर्षांचा होणार होता. १८२७ मध्ये त्याने हॅरिएट स्मिथसन या आयरिश अभिनेत्रीला ऑफीलियाच्या भूमिकेत पाहिलं आणि तिचा ध्यास घेतला. सिम्फनीची कथा तीच: एक कलावंत, एक स्त्री, अफूची गुंगी. ती दिसली की एक ठरावीक चाल येते. पाचही मूव्हमेंटमध्ये ही ध्यासधून फिरते: आधी सुंदर, मग नृत्याच्या गर्दीत, मग शेतात, मग वधस्तंभापाशी, शेवटी चेटकिणींच्या मेळाव्यात विद्रूप होऊन.

छापील स्कोअर १८४५ चा. त्यात तंतुवाद्यांची किमान संख्याच दिली आहे: पंधरा पहिली व्हायोलिनं, पंधरा दुसरी, दहा व्हायोला, अकरा चेलो, नऊ बास. म्हणजे साठ. 'जुनी वाद्यं' म्हटलं की छोटा, किरकोळ आवाजाचा ताफा डोळ्यांसमोर येतो. बर्लिओझने तसं काही मागितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट लेखात ठळक यायला हवी. आपण ज्यांना जुनी वाद्यं म्हणतो ती त्याच्यासाठी ताजी होती. पिस्टन बसवलेले कॉर्नेट पॅरिसमध्ये नुकतेच आले होते. त्याने ते साध्या, झडपा नसलेल्या ट्रम्पेटच्या शेजारी बसवले. एरारची दुहेरी पेडलची हार्प १८१० ची. ऑफिक्लाइड हे किल्ल्यांचं पितळी वाद्य १८१७ च्या सुमाराचं. म्हणून त्या वाद्यांवर ही सिम्फनी वाजवणं म्हणजे १८३० सालच्या नवलाईकडे परत जाणं.

९.००

पहिली मूव्हमेंट. स्वयंपाकघरातल्या शिट्ट्या थांबल्या, रस्ता अजून तापलेला नाही. ही वेळ बरी.

इथे कान एकाच जागेवर ठेवतो: ध्यासधून पहिल्यांदा येते ती जागा. पहिली व्हायोलिनं आणि बासरी एकत्र तीच चाल वाजवतात, आणि खालून उरलेली तंतुवाद्यं तुटक ठोके देतात, छातीत धडधडावं तसे. चाल त्याने दोन वर्षं आधीच्या 'एर्मिनी' या स्पर्धेच्या रचनेतून उचललेली. 

नॉरिंग्टनची व्हायोलिनं व्हायब्रेटोशिवाय वाजतात. स्वर हलत नाही, सरळ धरला जातो. परिणाम असा की बासरी आणि व्हायोलिन मिसळून तिसरंच वाद्य तयार होतं, ज्याला नाव नाही. मेहतांच्या न्यूयॉर्कमध्ये व्हायोलिनं रसरशीत, व्हायब्रेटोने भरलेली. पण बासरी त्यांच्याखाली झाकली जाते. आंदोलन हा दोष असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे दरबारीच्या गंधाराला आंदोलन नसेल तर दरबारीच उरत नाही. प्रश्न इतकाच, की बर्लिओझने दोन वाद्यं एका ओळीत बांधली ती कशासाठी. मिसळण्यासाठी बांधली असतील, तर सरळ स्वराची बाजू वजनदार आहे.

मुन्शचं वेगळंच. तो आधी दचकवतो, मग ओढून नेतो. वेग कुठे वाढला ते कळतही नाही. स्कोअर समोर धरला तर त्याच्या स्वातंत्र्याच्या जागा पेन्सिलने दाखवता येतील, पण स्कोअर मिटला की तक्रार राहत नाही. वेडाच्या भरातल्या माणसाची ही गोष्ट आहे, आणि ते वेड आठांत सर्वात खरं मुन्शचं.

डेव्हिस सुरुवातीच्या भागाची पुनरावृत्ती घेतो. हा हिशेबाचा मुद्दा वाटेल, पण तसा नाही. ध्यास म्हणजे पुन्हा पुन्हा तिथेच येणं. पुनरावृत्ती गाळली की ध्यासाचा एक फेरा कमी होतो.

११.००

दुसरी, वॉल्ट्झ. इथे रेंगाळणार नाही. मेट्रोनोम ६०, म्हणजे सेकंदाला एक माप. घड्याळावर तपासता येतं. स्कोअरमध्ये हार्पचे दोन भाग आहेत आणि प्रत्येक भागाला किमान दोन वादक मागितले आहेत. चार हार्प खरोखर बसवल्या तर सुरुवातीची झळाळी वेगळीच लागते. बर्लिओझने या मूव्हमेंटसाठी नंतर एक स्वतंत्र कॉर्नेटही लिहिला, जो बहुतेकजण वगळतात. डेव्हिस तो घेतो. नाचघरात कुणीतरी जरा जास्तच सजून आल्यासारखा तो कॉर्नेट वाटतो. मला आवडतो, पण त्यावाचून अडत नाही. रोतचा वॉल्ट्झ सर्वात हलका. आतड्याच्या तारांवर गज टेकून लगेच उचलला जातो, आणि पाय जमिनीवर फार वेळ राहत नाही.

नोंद: दुसरी, रोत.

१२.३०

जेवताना संपादकांचा फोन.

"काय, कुठवर आलं?"

"दोन झाल्या, तीन झाल्या. म्हणजे तिसरी, पहिली, दुसरी."

"अहो, सरळ सांगा की. आणि हे बघा, आपल्या मेहतांना वर ठेवता येईल का? मुंबईचे आहेत, वाचकाला आपलं वाटेल."

आपलं वाटण्याचा मुद्दा खोटा नाही. झुबिन मेहता १९३६ मध्ये मुंबईत जन्मले, आणि त्यांचे वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. या शहराचं पाश्चात्त्य संगीताशी नातं जडवण्यात या घराण्याचा वाटा मोठा. त्यांची 'फाँतास्तीक' दिमाखदार आहे, पितळी वाद्यं तर तोलामोलाची. पण तिच्यात धोका जाणवत नाही. सगळं उत्तम पॉलिश केलेलं. मी संपादकांना सांगितलं, की मेहतांचा उल्लेख मानाने येईल, क्रमांक कानाने ठरेल.

"बरं. पण शेवटी काय घ्यायचं ते एका ओळीत सांगा. लोकांना बाकीचं वाचायला वेळ नसतो."

या सूचनेवर माझा राग नाही. तुलना करून शेवटी निकाल न सांगणारा लेख मलाही चुकवेगिरीचा वाटतो.

२.००

वर ड्रिल सुरू. चौथी मूव्हमेंट, वधस्तंभाकडे निघालेली मिरवणूक.

पहिल्याच पानावर बर्लिओझची टीप आहे: टिंपनीवादकाने प्रत्येक अर्ध्या मापाचा पहिला ठोका दोन्ही काठ्यांनी वाजवावा आणि पुढचे पाच एकट्या उजव्या काठीने. एवढी बारीक सूचना कशासाठी, ते इम्मरसील ऐकताना कळतं. एकाच हाताने पाच ठोके काढताना ते गुळगुळीत होत नाहीत, थोडे लंगडतात. गर्दी घसटत चालली आहे हे त्या लंगडण्यात आहे. दोन हात आलटून पालटून वापरले की ठोके सफाईदार होतात, आणि मिरवणूक कवायत बनते.

हॉर्नचंही तसंच. बर्लिओझने काही स्वर झडपा न वापरता, हॉर्नच्या रुंद तोंडात हात घालून कोंडून वाजवायला सांगितले आहेत. झडपा नसलेल्या हॉर्नवर हा कोंडलेला स्वर दात खाल्ल्यासारखा येतो. चार जुन्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये तो प्रत्येक वेळी अंगावर काटा आणतो. मेहता आणि मुन्शकडे तोच स्वर ऐकू येतो, पण झोंबत नाही.

आता लय. स्कोअरवर ७२. मूव्हमेंट १७८ मापांची, प्रत्येक मापात दोन ठोके. गुणाकार-भागाकार केला तर पुनरावृत्तीशिवाय पाच मिनिटांना जेमतेम कमी, आणि पुनरावृत्तीसह सात मिनिटांच्या आसपास. मुन्श पुनरावृत्ती घेत नाही आणि ७२ च्या बराच पुढे पळतो. टाळ्या घेणारी मिरवणूक आहे ती. नॉरिंग्टन आकड्याला धरून राहतो, आणि पहाटे जो आकडा मला जाचक वाटला तोच इथे अचूक बसतो. ७२ वर ही चाल उत्साही राहत नाही, अटळ होते. ज्याला मारायला नेत आहेत त्याला घाई नसते, आणि नेणाऱ्यांनाही नसते.

शेवटी क्लॅरिनेटवर ध्यासधुनेचा तुकडा येतो, गिलोटिनचं पातं पडतं, मुंडकं टोपलीत गेल्यासारखे तारांवर बोटांनी छेडलेले ठोके, आणि जल्लोष. हा विनोद आहे, आणि तो काळाच आहे. गार्डिनरकडे क्लॅरिनेटचा तुकडा सर्वात निरागस वाजतो, म्हणून त्यापुढचं पातं सर्वात क्रूर वाटतं.

नोंद: चौथी, नॉरिंग्टन आणि गार्डिनर, दोघांत निवड करत नाही.

४.३०

भाची कॉलेजातून आली. तिला आधीच सांगून ठेवलं होतं: पाचव्या मूव्हमेंटमधला एकच तुकडा, घंटा आणि 'डिएस इरे', आठही रेकॉर्डिंगमधून काढून ठेवला आहे. तिने स्वतःच्या मर्जीने क्रम लावायचा, नावं लपवायची, आणि मी पाठ करून बसायचं. माँतोची खरखर लपत नाही, ते लगेच ओळखू येतं. बाकी सातांसाठी हा डाव खरा.

'डिएस इरे' ही मृतांसाठीच्या प्रार्थनासभेत म्हटली जाणारी लॅटिन चाल. बर्लिओझने ती बासून आणि ऑफिक्लाइड यांना दिली. पहिल्या हस्तलिखितात एक ऑफिक्लाइड होता आणि त्याच्या जोडीला एक सर्पंट: लाकडाचं, चामड्याने मढवलेलं, नागमोडी वाद्य, जे फ्रान्समधल्या चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या आवाजाला आधार म्हणून वाजवत. ट्यूबा तेव्हा जन्मलीच नव्हती. ती १८३५ मध्ये बर्लिनला आली, आणि पुढे ऑफिक्लाइडची जागा तिने घेतली. बर्लिओझला स्वतःला सर्पंटचा आवाज रानटी वाटे. आपल्या वाद्यशास्त्राच्या ग्रंथात त्याने या वाद्याची यथेच्छ निंदा केली आहे, अपवाद एकच ठेवून: मृतांच्या प्रार्थनेत 'डिएस इरे'ला साथ करताना ते शोभतं. म्हणजे १८३० च्या श्रोत्याला हा आवाज विचित्र वाटला नसेल. ओळखीचा वाटला असेल. अंत्यसंस्काराला ऐकलेला आवाज चेटकिणींच्या नाचात ऐकू येणं, हा खरा धक्का.

तिने तिसरा तुकडा लावला. घंटा नव्हत्याच, पियानोवर खालचे सूर घणघणत होते.

"मामा, हे काय? यांच्याकडे घंटा नव्हती का?"

"इम्मरसील. बर्लिओझनेच लिहून ठेवलंय, पुरेशा मोठ्या घंटा मिळाल्या नाहीत तर पियानो वापरा म्हणून."

"पण भारी वाटतंय. घंटेपेक्षा जास्त भीतीदायक."

तिचं म्हणणं बरोबर होतं. अनेक आधुनिक वाद्यवृंद लांब नळ्यांच्या घंटा वापरतात. त्या स्वच्छ वाजतात, पण हलक्या. चर्चच्या मनोऱ्याचं वजन त्यांच्यात नाही. पियानोच्या खालच्या तारांत ते वजन आहे.

पाचवा तुकडा. सर्पंट आणि ऑफिक्लाइड एकत्र. गार्डिनर, शंकाच नाही.

"हे बेसूर आहे," ती म्हणाली. "म्हणजे बेसूर नाही, पण स्वच्छ नाही. कुणाचा तरी घसा बसलाय."

"आणि आधीचा, ट्यूबावाला?"

"तो छान होता. गोल होता."

"छान हवा होता का?"

तिने थोडा विचार केला. "नाही. चेटकिणी आहेत ना." मग हसून म्हणाली, "पण घरी ऐकायला मला तोच आवडेल."

तो मुन्श होता. हे तिचं शेवटचं वाक्य लेखात जसंच्या तसं घालणार आहे, कारण जुन्या वाद्यांचा कैवार घेणारे नेमकं हेच विसरतात. बरोबर असणं आणि हवंसं असणं, या दोन गोष्टी दर वेळी एकत्र येत नाहीत.

६.३०

माँतो, १९३०. काही मिनिटांनी बाजू बदलाव्या लागणाऱ्या तबकड्यांवरचं ध्वनिमुद्रण. खरखर आहे, खालचे स्वर जवळजवळ नाहीत. तरी आठांच्या यादीत ते असायलाच हवं. व्हायोलिनं एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत जातात. बासून फ्रेंच बांधणीचा, नाकातून बोलणारा. पितळी वाद्यं सडपातळ. विमानाने जगभर हिंडणाऱ्या संचालकांमुळे पॅरिस, न्यूयॉर्क आणि बर्लिनचे वाद्यवृंद एकमेकांसारखे वाजू लागण्याआधीचा हा आवाज.

मौज अशी की नॉरिंग्टनचं सरळ स्वराचं तत्त्व या जुन्या पॅरिसला लागू पडत नाही. माँतोचे वादक स्वर सरकवतात, ओथंबतात. त्यांच्यातल्या वयस्करांचे गुरू बर्लिओझच्या हयातीत शिकलेले असू शकतात. नॉरिंग्टनने हाती घेतलेल्या पुराव्याची साखळी कागदाची आहे. दोन्ही साखळ्या अर्धवट आहेत, आणि म्हणून 'अस्सल' हे विशेषण लेखातून मी काढून टाकलं.

८.३०

लिहायला बसलो. वहीतल्या नोंदी समोर: तिसरी डेव्हिस, पहिली मुन्श, दुसरी रोत, चौथी नॉरिंग्टन-गार्डिनर, पाचवी गार्डिनर. आठांपैकी कुणीही पाचही मूव्हमेंट जिंकलेल्या नाहीत. गुण देण्याचा तक्ता करणार होतो, तो रद्द केला. बेरजेने सिम्फनी ठरत नाही.

लेखाचा गाभा दोन वाक्यांत बसतो. जिथे बर्लिओझने एखाद्या वाद्याचा दोषच वापरला आहे, म्हणजे कोंडलेला हॉर्न, घसा बसलेला सर्पंट, एका हाताचे लंगडे ठोके, तिथे त्या काळच्या वाद्यांना पर्याय नाही. जिथे त्याने काळ, श्वास आणि वाट पाहणं लिहिलं आहे, तिथे वाद्य कुठल्या शतकातलं आहे याने फरक पडत नाही. काठी कुणाच्या हातात आहे याने पडतो.

गार्डिनरच्या बाजूने एक गोष्ट आणखी. त्याने हे ध्वनिमुद्रण पॅरिसच्या त्याच जुन्या कॉन्सर्व्हातुआरच्या सभागृहात केलं, जिथे १८३० चा प्रयोग झाला. सभागृह लहान आणि कोरडं आहे. स्वर तिथे लोंबकळत राहत नाही. कॉन्सर्टखेबाऊमध्ये जे एकमेकांत विरघळतं ते इथे सुटं सुटं ऐकू येतं: शेवटच्या नाचात व्हायोलिन आणि व्हायोलांनी गजाच्या लाकडी काडीने तारांवर केलेली हाडांची खडखड तर दुसऱ्या कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये इतकी उघडी नाही.

१०.१५

संपादकांना हवी असलेली एक ओळ, शब्द थोडे जास्त झाले तरी.

ही सिम्फनी पहिल्यांदा ऐकत असाल तर डेव्हिसचं १९७४ चं ध्वनिमुद्रण घ्या. पाचही मूव्हमेंटचा तोल सांभाळणारं ते एकच. त्यानंतर गार्डिनर, आणि तो आधी नाही, नंतरच. काय वेगळं आहे हे कळायला आधीचं कानात असावं लागतं. अंगात आग हवी असेल त्या दिवशी मुन्श. मेहता, रोत, इम्मरसील, नॉरिंग्टन आणि माँतो हे आवड लागल्यावरचे. आणि घरात चांगले स्पीकर नसतील तर साधा हेडफोन चालेल, पण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका: टिंपनी, बास आणि सर्पंट हे तिन्ही त्यात ऐकूच येत नाहीत, आणि त्यांच्यावाचून ही सिम्फनी निम्मीच उरते.